देशमुखी : किताब नव्हे, वतन

देशमुख हा राजाने दिलेला किताब होता, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. किताब माणसाला मिळे. देशमुखी हे वतन, म्हणजे परगण्याच्या (अनेक गावांच्या गटाच्या) वसुलीचे वंशपरंपरागत काम आणि त्याबद्दलचे हक्क व जमीन; ती मिळकत होती. ती वारसाने येई, गहाण पडे, विकली जाई, भाऊबंदांत वाटली जाई. यातला ‘देश’ म्हणजे परगणा. देशमुखी असूनही ‘देशमुख’ हे आडनाव न लावता मूळ आडनाव न सोडणारी घराणी होतीच. रोहिडखोऱ्यातले जेधे जेधेच राहिले.

वाटणीत खरी अडचण पैशाची नसे. रोख हक्क आणि इनाम जमिनीच्या तक्षिमा (हिस्से) पाडता येत. शिक्का मात्र एकच, आणि पहिल्या विड्याचा मानही एकच. ही वडीलकी थोरल्या शाखेची. थोरली शाखा कोणती, यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालत. गोतसभा (भाऊबंद व वतनदारांची न्यायसभा) बसे, महजर (तिचा निवाडपत्र) होई, प्रसंगी उकळत्या तेलातून रवा काढण्याचे दिव्यही.

शिवकाळात देशमुख्या मोडल्या, हे अर्धेच खरे. वसुलीचा अधिकार गेला, हक्क नेमून दिले गेले, वाड्यांचे बुरूज उतरवले, वतन राहिले. १६८९ नंतरच्या धामधुमीत तर मोगल आणि मराठे दोघेही सनदा देऊ लागले आणि एकाच वतनावर दोन दावेदार उभे राहिले.

इंग्रजी अमलात १८६० च्या दशकात परगणे वतनदारांची (देशमुख-देशपांड्यांची) सरकारी चाकरी माफ झाली. त्याबदल्यात उत्पन्नाचा काही भाग सरकारात जाऊ लागला. काम सुटले, जमीन राहिली. वतने रद्द करणाऱ्या १९५० च्या कायद्यावरचा वाद इथूनच निघतो. जुन्या मुंबई राज्यात १ मे १९५१ पासून परगणे आणि कुलकर्णी वतने नष्ट झाली, रोख हक्क बंद झाले. जमिनी सरकारजमा झाल्या खऱ्या, पण आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) पटीत कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन त्याच घरांना रिग्रँट झाल्या, म्हणजे पुन्हा दिल्या गेल्या. चाकरीच उरली नव्हती, तर चाकरीची जमीन परत का? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या कायद्यात नाही.

शिवाय शतकानुशतके भाऊबंदांत वाटली जात आलेली जमीन परत आली ती ‘नवीन व अविभाज्य शर्ती’ने: जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री नाही, वाटपही नाही. पुढे शेतीपुरती ही अट सैल झाली. बिनशेतीसाठी नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतोच. म्हणून सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (अटींवर दिलेली जमीन) दिसला की रिग्रँटचा फेरफार (हक्कबदलाची नोंद) आणि रक्कम भरल्याचे चलन आधी शोधावे. रक्कम मुदतीत भरलेलीच नसेल, तर घरचा पिढीजात ताबाही कायद्याने अनधिकृत ठरतो.