पंचविसाव्या हिश्श्याची मोटार आणि तिचा रंग

सुट्या भागांच्या किटमधून मोटारीची छोटी प्रतिकृती जोडायची आणि तिला कंपनीचा मूळ रंग न देता मनाजोगता रंग चढवायचा, हा छंद खेळण्यांच्या दुकानात जन्मला असावा असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात तो अमेरिकेतील मोटारविक्रीच्या धंद्यातून निघाला आणि त्याच्या प्रत्येक टप्प्यावर खऱ्या मोटारींच्या रंगशाळेची सावली पडलेली आहे.

सुरुवात रंगापासूनच केली पाहिजे. आरंभीच्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच रंगवल्या जात. तेलाच्या रंगाचे आणि व्हार्निशचे एकावर एक हात देऊन ते वाळू देण्यात कित्येक आठवडे मोडत. ड्यू पाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेला ‘ड्युको’ हा रंग १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारीवर निळ्या छटेत आणला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. महाराष्ट्रातील गॅरेजांत आणि लोखंडी कपाटांच्या कारखान्यांत फवाऱ्याने मारलेल्या चकचकीत रंगाला ‘ड्युको’ म्हणण्याची पद्धत त्याच नावावरून पडली. त्यामागच्या कंपनीचे नाव मात्र तो शब्द वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. लवकर वाळणाऱ्या या रंगाचा एक परिणाम कारखान्याबाहेर झाला. एकटा माणूस आपल्या शेडमध्ये दिवसभरात पाच-सहा पातळ हात देऊ शकेल, मध्ये घासून पुन्हा रंगवू शकेल, हे आता शक्य झाले, आणि हौशी रंगकाम उभे राहिले ते याच सोयीवर.

मोटारीची लहान प्रतिकृती हे गंभीर काम आहे, ही समजूतही अमेरिकेतील मोटारधंद्याचे शहर असलेल्या डेट्रॉइटनेच रुजवली. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही स्पर्धा सुरू केली. आधी नेपोलियनकालीन शाही बग्गीची प्रतिकृती करावी लागे. १९३७ पासून स्वतः कल्पिलेल्या मोटारीचे १:१२ प्रमाणातील मॉडेलही स्वीकारले जाऊ लागले. ही मॉडेले लाकडातून कोरून, लांबी (पुट्टी) भरून, घासून, खऱ्या मोटारीसारखी रंगवून पाठवावी लागत आणि बक्षीस म्हणून महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळे. १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे १९८६ मध्ये जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. स्पर्धा १९६८ मध्ये बंद पडली. तोवर लाकूड कोरण्याची जागा प्लॅस्टिकने घेतली होती.

ते प्लॅस्टिक आले विक्रेत्यांच्या काउंटरवरून. वेस्ट गॅलोग्ली या वकिलाने १९४८ मध्ये डेट्रॉइट परिसरात ‘ॲल्युमिनम मॉडेल टॉइज’, म्हणजे एएमटी, ही कंपनी काढली. तिचे काम होते फोर्डच्या विक्रेत्यांना नव्या मोटारीच्या जोडलेल्या, कंपनीच्या रंगछटेतील प्रतिकृती पुरवण्याचे. पहिली प्रतिकृती नावाप्रमाणे ॲल्युमिनमची होती. लवकरच कंपनी प्लॅस्टिककडे वळली आणि नाव तेवढे मागे राहिले. आईवडील शोरूममध्ये व्यवहाराचे बोलत असताना मुलाच्या हाती ही मोटार देण्यात यायची. सेल्युलोज ॲसिटेट या प्लॅस्टिकच्या या प्रतिकृती काही वर्षांत वाकत असत, त्यामुळे १९६० च्या सुमारास पॉलिस्टायरीन या दुसऱ्या प्लॅस्टिकने त्याची जागा घेतली. पॉलिस्टायरीन आकार धरून राहते; पण थिनर जरा कडक असला की त्याचा पृष्ठभाग तडकतो, आणि मॉडेल रंगवणाऱ्याचे पुढचे सारे व्याप या एका दोषातून सुरू झाले.

निर्णायक वळण मात्र १९५८ चे. विक्रेत्यांसाठी केलेल्या साच्यांतून न जोडलेले भाग काढून एएमटीने ते ‘थ्री इन वन’ किट म्हणून विकायला काढले. त्याच खोक्यातून मोटार मूळ रूपात, कस्टम म्हणजे मनाजोगत्या फेरबदलांच्या रूपात किंवा शर्यतीच्या रूपात जोडता येई. त्यासाठी जादा बंपर, ग्रिल, चाके आणि चिकटवायची चित्रे दिलेली असत. माझ्या मते या छंदाचा खरा जन्म इथे झाला, कारण मूळ मोटारीपासून दूर जाण्याची परवानगी उत्पादकानेच खोक्यावर छापून दिली होती.

कोठे जायचे, ते कॅलिफोर्नियात ठरत होते. तेथील कारागीर जुन्या फोर्ड आणि मर्क्युरी मोटारींची छपरे कापून खाली आणत, दरवाज्यांच्या मुठी काढून टाकत आणि कधी न पाहिलेले रंग चढवत. जो बेलॉनच्या ‘कँडी ॲपल’ लाल रंगाचे तंत्र म्हणजे खाली सोनेरी किंवा चंदेरी तळ आणि वर पारदर्शक रंगीत लाखेचे कित्येक हात. प्रकाश आत शिरतो, तळावरून परततो आणि रंगाला खोली येते. जीन विनफिल्ड एक रंग दुसऱ्यात विरघळवत नेई, तर एड रॉथ फायबरग्लासमधून चमत्कारिक मोटारी घडवी. किटवाल्यांनी ही माणसे हेरली. रेव्हेलने १९६० च्या दशकाच्या आरंभी रॉथच्या मोटारींची किटे काढली, एएमटीने जॉर्ज बॅरिस या कस्टम मोटारींच्या कारागिराला जोडून घेतले, आणि दशकाच्या मध्यावर विनफिल्डला हाताशी धरून फीनिक्समध्ये चक्क खऱ्या आकाराच्या मोटारी बनवणारी कार्यशाळा थाटली.

मुलांच्या हाती रंग पोहोचवण्याचे काम इलिनॉय राज्याच्या उत्तर भागाने केले, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. रॉकफर्ड गावात १८८० च्या दशकात लिबर्टी वॉकअपने एअरब्रशचा, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाचा, कारखाना काढला होता. त्याच गावात निल्स टेस्टर या स्वीडिश स्थलांतरिताने १९२९ मध्ये गोंदाचा धंदा हाती घेतला आणि पुढे टेस्टर्सच्या चिमुकल्या रंगबाटल्या प्रत्येक छंदिष्टाच्या टेबलावर आल्या. जवळच्याच सिकॅमोर गावी एडवर्ड सीमोरने १९४९ मध्ये स्प्रेच्या डब्यात रंग भरला. टेस्टर्सच्या गोंदाची आणखी एक आठवण आहे: मुले नशेसाठी तो हुंगू लागली, तेव्हा १९६९ मध्ये कंपनीने त्यात मोहरीचा नाकात झणझणणारा अर्क मिसळला.

स्प्रेचा डबा आला तरी एक अडचण उरलीच, आणि ती गणिताची आहे. १:२५ प्रमाणात पाच मीटरची मोटार वीस सेंटिमीटरची होते, पण रंग लहान होत नाही. खऱ्या मोटारीवरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. हिशेबाने मॉडेलवर तो चार ते सहा मायक्रॉनच हवा. प्रायमर, रंग आणि वरची पारदर्शक लाख मिळून मॉडेलवर १०० मायक्रॉन झाले, तर खऱ्या मोटारीवर अडीच मिलिमीटरचा थर दिल्यासारखे होते. दरवाजे आणि बॉनेटच्या फटी त्यात बुजतात, म्हणून अनुभवी माणूस रंगापूर्वीच त्या खोदून खोल करतो. धातुकणांच्या रंगाचेही तसेच: खऱ्या मोटारीवर नुसता चमकणारा कण मॉडेलवर पंचवीसपट मोठा भासतो आणि मोटारीवर चमकी उधळल्यासारखी दिसते. काहींनी यावर उपाय म्हणून नेलपॉलिश फवारले; बारीक कणांचे ते ड्युकोसारखे नायट्रोसेल्युलोजच असल्याने, वाटते तितके हे वेडेपण नव्हते.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील लाट ओसरत असताना या कामाचे केंद्र जपानमधील शिझुओकाकडे सरकले. १९४६ मध्ये लाकूड कापण्याच्या गिरणीपासून सुरू झालेल्या तामियाने १९७६ मध्ये पोर्श ९३४ चे १:१२ किट आणले. ते नेमके व्हावे म्हणून शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती. जपानी किटांत भाग अचूक बसत, त्यामुळे लांबी भरून घासण्याचे काम घटले आणि वाचलेला वेळ रंगाच्या वाट्याला आला. पॉलिस्टायरीनला न तडकवणारी लाख, बारीक कणांचे चंदेरी रंग आणि हजारो क्रमांकांपर्यंत जाणारे पॉलिश पेपर हा सरंजाम त्यानंतर रुळला.

सध्या शेवटचा हात म्हणून अनेकजण मोटार-गॅरेजमधील दोन घटकांचा क्लिअर, म्हणजे पारदर्शक लाख, वापरतात. तो काचेसारखा चमकतो आणि पेट्रोललाही दाद देत नाही, परंतु त्याच्या कठीणकारकातील (हार्डनरमधील) आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू शकतो. त्यामुळे चहाच्या टेबलावर सुरू झालेल्या या कामासाठी आता घरातच हवा बाहेर खेचणारी पेटी आणि योग्य गाळणीचा मुखवटा लागतो.