विषारी जमीन पुन्हा वापरात आणताना

बंद पडलेल्या कारखान्याची एक एकर जागा वस्तीला बागेसाठी मिळाली आणि तपासणीत वरच्या थरात शिसं सापडलं, असं समजा. पहिला विचार येतो तो माती उचलून नेण्याचा. हिशोब करून पाहू. एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर. वरची फक्त 30 सेंटिमीटर माती काढायची म्हटली तरी ती 1,200 घनमीटरच्या वर भरते, वजन दोन हजार टनांच्या आसपास. 15 टनी डंपरच्या 135 ते 140 खेपा. चांगली माती आणायला पुन्हा तेवढ्याच. काढलेली माती सुरक्षित जागी पुरण्याचा खर्च वेगळा, आणि खोदताना उडणारी धूळ शेजारच्या घरांत जाणार ती वेगळीच. म्हणून पोकलेन दारात उभा करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात: जमिनीत नेमकं काय, कुठे, किती खोल आहे, आणि त्या जागेवर पुढे काय होणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर जुन्या कागदांत सापडतं. टाक्या कुठे होत्या, सांडपाण्याचा नाला कुठून जायचा, भंगार कुठे टाकलं जायचं, हे जुने नकाशे आणि तिथे काम केलेले लोक सांगू शकतात. प्रत्येक धंदा आपली खूण मागे ठेवतो. बॅटरीच्या कामात शिसं, कातडी कमावण्यात क्रोमियम, लाकूड टिकवण्याच्या कारखान्यात आर्सेनिक, ड्रायक्लीनिंगच्या जागी परक्लोरोइथिलीन हे कपडे धुण्याचं द्रव रसायन. काय शोधायचं हे माहीत नसेल, तर प्रयोगशाळा सांगितलेल्या चाचण्या करून देते आणि खरा अपराधी मातीतच राहतो.

नमुने घेण्यात सर्वांत जास्त चुका होतात. शिसं मातीत सारखं पसरलेलं नसतं. एका जागी रंगाचा पोपडा पडलेला असतो आणि हातभर अंतरावरची माती जवळजवळ स्वच्छ निघते. चार कोपऱ्यांतून चार मुठी घेऊन काढलेला निष्कर्ष हा नशिबाचा खेळ असतो. त्यापेक्षा जागेचे पुढच्या वापराप्रमाणे तुकडे पाडावेत: खेळायची जागा, भाजीचे वाफे, गाड्या लावायची जागा. प्रत्येक तुकड्यात किमान 30 ठिकाणी, सारख्याच खोलीवरून, सारखीच माती घेऊन ती एकत्र करावी. हेच काम नव्या 30 ठिकाणी, आणि पुन्हा तिसऱ्यांदा करावं. तिन्ही आकडे जवळपास आले तरच सरासरीवर भरवसा ठेवता येतो. टाकी किंवा नाल्याची संशयित जागा मात्र या मिश्रणात घालू नये. तिथला मोठा आकडा सरासरीत विरून जातो.

पुढची पायरी चाळणीची. शिशासाठी 150 मायक्रॉनच्या (0.15 मिलिमीटर भोकांच्या) चाळणीतून खाली येणारी माती तपासतात, कारण लहान मुलांच्या बोटांना चिकटते आणि तोंडात जाते ती हीच बारीक माती. हातात धरायचं क्ष-किरण यंत्र मिनिट-दीड मिनिटात आकडा दाखवतं आणि ते फार उपयोगी आहे. पण माती ओली असेल तर आकडा कमी येतो. शिसं आणि आर्सेनिक यांच्या मुख्य किरणरेषा एकमेकींवर पडतात, त्यामुळे शिसं खूप असलेल्या मातीत या यंत्राचा आर्सेनिकचा आकडा प्रयोगशाळेतून तपासून घ्यावाच. पेट्रोल किंवा सॉल्व्हंटचा (तेल-ग्रीस विरघळवणाऱ्या, चटकन उडणाऱ्या द्रवाचा) संशय असेल तर माती वाळवणं, चाळणं, मिसळणं सगळंच वर्ज्य. शोधायचा पदार्थच उडून जातो. ती माती खणल्याबरोबर बंद बाटलीत गेली पाहिजे.

आता आकड्याचा अर्थ. धोका होण्यासाठी विष, त्याची वाट आणि तिच्या टोकाला माणूस, अशी तिन्ही लागतात. काँक्रीटखाली दबलेलं शिसं आणि मुलांच्या घसरगुंडीखालचं तेवढंच शिसं यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेत राहत्या जागेसाठी पुढची तपासणी सुरू करण्याची पातळी 2024 मध्ये दर किलो मातीला 400 मिलिग्रॅम शिशावरून 200 वर आणली गेली. माती तीच, पण काल चालणारी जमीन आज तपासणीखाली आली.

उपाय विषाच्या जातीवर ठरतो. डिझेलसारखं तेल जिवाणू खातात. माती एक ते तीन मीटर उंचीच्या ढिगात रचून आत भोकं पाडलेले पाइप घालतात, हवा खेळवतात, ओलावा टिकवतात आणि कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस यांचं प्रमाण 100:10:1 च्या आसपास राखतात. काही महिने लागतात. तेल किलोला 50,000 मिलिग्रॅमच्या वर असेल तर जिवाणूच मरतात. अशा वेळी आधी कमी दूषित माती मिसळावी लागते.

धातू कुणीच खाऊन संपवू शकत नाही. ते हलवायचे, नाहीतर जखडायचे. माती धुण्याच्या यंत्रात वाळू-खडी वेगळी होते आणि विष बारीक गाळात गोळा होतं. चिकणमाती जास्त असेल तर जवळजवळ सगळा गाळच उरतो आणि धुण्याचा फायदा राहत नाही. खतांत असतं ते फॉस्फेट घातलं तर शिशाचं पायरोमॉर्फाइट नावाचं, फारसं न विरघळणारं खनिज बनतं. उपाय चांगला आहे. पण त्याच मातीत आर्सेनिक असेल तर फॉस्फेट मातीच्या कणांवरची त्याची जागा घेतं आणि आर्सेनिक सुटं होऊन खाली झिरपू लागतं. दोन्हींची तपासणी न करता खताची पोती ओतणं हा शुद्ध अविचार आहे.

झाडांवर लोकांचा फार जीव असतो. टेरिस व्हिटाटा हे नेचं आर्सेनिक खरोखर शोषून घेतं, पण त्यालाही वर्षानुवर्षं लागतात आणि कापलेली पानं विषारी कचरा म्हणूनच हाताळावी लागतात. शिसं तर बहुतेक झाडं मुळांपलीकडे फारसं नेतच नाहीत.

सर्वांत चिवट म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीनसारखे सॉल्व्हंट. पाण्यापेक्षा जड असल्याने ते भूजलाच्या तळाशी उतरून बसतात. पिण्याच्या पाण्यातली अमेरिकी मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशोबाने एक लिटर सॉल्व्हंट जवळपास 29 कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत बिघडवू शकतो. सॉल्व्हंट तोडणारं परमँगनेट हे रसायन जमिनीत सोडलं की आकडे झरझर उतरतात, आणि काही महिन्यांनी चिकणमातीत मुरलेला साठा हळूहळू बाहेर येऊन ते पुन्हा चढतात. म्हणून पहिल्या चांगल्या अहवालावर बांधकाम सुरू करू नये. अशा जागेवर इमारत येणारच असेल तर फरशीखाली साचणारी सॉल्व्हंटची वाफ पंख्याने ओढून छतावर सोडणारा पाइप पायाच्या कामातच बसवावा.

बऱ्याच ठिकाणी शेवटी विष जागेवरच झाकलं जातं. नीट केलं तर तेही योग्यच आहे. आधी भडक नारिंगी रंगाचं जिओटेक्स्टाईल, म्हणजे जमिनीत घालायचं मजबूत कापड, खणणाऱ्याला खूण म्हणून अंथरायचं, त्यावर तपासलेली स्वच्छ माती किमान 30 सेंटिमीटर, भाजीच्या वाफ्यांना 60. आणलेली माती आपण स्वतः तपासायची. पुरवठादाराच्या शब्दावर टाकलेल्या भरावातून नवं विष आल्याची उदाहरणं आहेत.

झाकण्यातला धोका लव्ह कॅनलने दाखवला. न्यूयॉर्क राज्यातल्या या खंदकात 1953 पर्यंत सुमारे 21,000 टन रासायनिक कचरा पुरून वर माती टाकली होती. ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली गेली. खाली रसायनं आहेत असं खरेदीखतात लिहिलेलं होतं. तरी शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली, रस्ते आणि गटारं खोदताना चिकणमातीचं आवरण फुटलं आणि रसायनं तळघरांत शिरली. 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली.

त्यामुळे पाण्याचे नळ, गटार आणि विजेच्या केबलसाठीचे चर पहिल्याच कामात पूर्ण खोलीपर्यंत खणून स्वच्छ मातीने भरून ठेवावेत, आणि त्यांचा नकाशा जमिनीच्या कागदपत्रांना जोडावा. वीस वर्षांनी फुटलेला नळ दुरुस्त करायला येणाऱ्या प्लंबरला मग ते नारिंगी कापड फाडावं लागणार नाही.