पुस्तकविक्रेत्यांवरील दबाव (ग्रामीण विदर्भ)

एखादे पुस्तक आक्षेपार्ह आहे, सबब ते विकू नये, असा आग्रह, बहिष्काराचा इशारा किंवा धमकी शासनाऐवजी नागरिकांनी, संघटनांनी अथवा स्थानिक पुढाऱ्यांनी दुकानदाराला देणे, यास पुस्तकविक्रेत्यावरील दबाव म्हणता येईल. लेखक आणि प्रकाशक बहुधा पुण्या-मुंबईत असतात, दुकानदार मात्र रोज चौकात भेटतो. त्यामुळे मजकुराशी सर्वांत कमी संबंध असलेल्या माणसालाच जाब द्यावा लागतो.

विदर्भातील तालुक्याच्या गावी निव्वळ ग्रंथांचे दुकान क्वचितच आढळते. ‘बुक डेपो’ अशी पाटी असली तरी धंदा वह्या, पाठ्यपुस्तके, गाईड, स्पर्धा परीक्षांची पुस्तके, पंचांग आणि पोथ्या यांवर चालतो, आणि उन्हाळ्यामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस, शाळा उघडल्या की वर्षाची मोठी कमाई होते. कादंबऱ्या व वैचारिक ग्रंथ एखाद्या फळीवर असतात. त्यांतील एका प्रतीवरचे कमिशन आणि शाळांचे गिऱ्हाईक तुटल्यास होणारे नुकसान यांचा हिशेब दुकानदाराला कोणी समजावून द्यावा लागत नाही. त्यातच गाळा नगर परिषदेचा किंवा बसस्थानकावरील स्टॉल एस.टी. महामंडळाच्या परवान्यावरचा असला, तर भीती आणखी वाढते. आक्षेप घेणारे तहसीलदारांना आणि ठाणेदारांना निवेदन देतात. ठाणेदाराने ‘सध्या ठेवू नका’ एवढे तोंडी सांगितले तरी पुरते, लेखी आदेशाची गरजच उरत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने दिलेले भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध वापरता येते आणि त्यावर १९(२) नुसार वाजवी निर्बंध घालता येतात. पुस्तक जप्त करण्याचा अधिकार राज्य शासनाला पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ ने होता, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ ने आहे. मात्र अधिसूचनेत कारणे नमूद करावी लागतात आणि संबंधितांना दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर डिसेंबर २००६ च्या अधिसूचनेने घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम ठेवला, तो याच वाटेने. फळीवरून गुपचूप काढलेल्या पुस्तकाला ही वाट नाही, कारण आव्हान द्यायला आदेशच नसतो. बंदीपेक्षा हा दबाव अधिक परिणामकारक ठरतो तो यामुळेच.

विक्रेत्याची भीती अगदीच निराधार नाही. डी. एच. लॉरेन्स यांच्या कादंबरीची प्रत विकल्याबद्दल मुंबईतील एका स्टॉलच्या भागीदारांपैकी एकाला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये रणजित उदेशी खटल्यात कायम केली आणि पुस्तक अश्लील असल्याचे विक्रेत्याला ठाऊक होते, हे अभियोगपक्षाने सिद्ध करण्याची गरज नसल्याचे म्हटले. दंड वीस रुपयांचाच होता. धडा मात्र सर्व विक्रेत्यांनी घेतला. त्या खटल्यात लावलेली अश्लीलतेची जुनी हिकलिन कसोटी, म्हणजे मजकूर वाईट प्रभावाला सहज बळी पडणाऱ्यांना बिघडवू शकतो का हे पाहण्याची रीत, २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात बाजूला पडली, पण ती बातमी बाजारपेठेच्या गावापर्यंत फारशी पोचली नसावी.

पुस्तक घेऊ नका असे सांगणे, दुकानासमोर शांततेने निदर्शने करणे, स्वतः त्या दुकानात न जाणे, हीदेखील अभिव्यक्तीच आहे, आणि काय विकावे हे ठरवण्याचा हक्क दुकानदारालाही आहे. काचा फोडण्याची भाषा सुरू झाली की प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मधील धमकीच्या गुन्ह्याचा होतो. निदर्शने व हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रंगराजन खटल्यात चित्रपटासंदर्भात स्पष्ट केले होते. तरीही जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या आयोजकांनी, संमेलन उधळून लावण्याच्या इशाऱ्यानंतर, इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले. तेथे दुकान नव्हते, पण मधल्या माणसाला गाठण्याची रीत तीच होती.

गावात न मिळणारे पुस्तक मिळवण्याचे मार्ग वाचकांनी शोधले आहेत. धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लागणाऱ्या ग्रंथांच्या दुकानांतून खेड्यापाड्यांतील माणसे वर्षभराची पुस्तके घेऊन जातात, आणि अलीकडे टपालाने किंवा कुरिअरनेही ती घरी येतात. अट एवढीच, की पुस्तकाचे नाव आधी माहीत असावे लागते.