समुद्री बदकं ओळखावीत ती बुडीवरून

उत्तर गोलार्धातल्या थंड किनाऱ्यांवर हिवाळ्यात दूर पाण्यावर काळे ठिपके तरंगताना दिसतात. लाट आली की दिसेनासे होतात, ओसरली की पुन्हा वर येतात. ही समुद्री बदकं. उन्हाळ्यात यातली बरीचशी टुंड्रातल्या आणि उत्तरेकडच्या जंगलांतल्या गोड्या पाण्याजवळ घरटी करतात आणि तळी गोठू लागली की समुद्र गाठतात.

इतक्या लांबून पिसांचे रंग शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा बुडी पाहावी. या बदकांपैकी कॉमन स्कोटर पंख अंगाशी घट्ट मिटून, छोटीशी उसळी घेऊन पाण्यात शिरतो. व्हेल्वेट स्कोटर पंख अर्धवट उघडून बुडतो. बसलेला असताना त्याच्या पंखावरचा पांढरा पट्टा बहुधा झाकलेलाच असतो. बुडताना तो क्षणभर लखकन दिसतो. तेवढ्यावर ओळख पक्की होते. अर्थात समुद्र शांत हवा, ऊन पाठीशी हवं आणि उभं राहायला थोडी उंच जागा हवी. तिवईवरची दुर्बीण असेल तर फारच उत्तम.

खाली गेल्यावर काय चालतं, हे त्याहून विलक्षण आहे. लांबशेपटी बदक पाण्यातही पंखांचा वापर करतं आणि सुमारे 60 मीटरपर्यंत खोल जाऊ शकतं. ईडर हे समुद्री बदक शिंपले कवचासकट गिळतं; कवचाचा चुरा करण्याचं काम त्याची दणकट पेषणी, म्हणजे जठराचा स्नायुमय भाग, करते.

हिवाळा हा जोड्या जमण्याचाही काळ. गोल्डनआय या बदकाचा नर मान मागे टाकत डोकं थेट पाठीला टेकवतो आणि पाय झाडून पाणी उडवतो. हे पाहायला मिळालं तर थंडीत काकडत उभं राहिल्याचं सार्थक होतं, असं मला मनापासून वाटतं.

मोजणी मात्र सावकाश करावी. अख्खा थवा एकाच वेळी पाण्याखाली असू शकतो, म्हणून एकदा मोजून भागत नाही. अशा चिकाटीच्या मोजण्यांमुळेच बाल्टिक समुद्रातली घसरण उघड झाली: 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सुमारे 43 लाख लांबशेपटी बदकं हिवाळा काढत, 2007 ते 2009 च्या पाहणीत ती सुमारे 15 लाख भरली. जहाजांतून सांडणारं तेल त्यांच्या पिसांचा जलरोधकपणा घालवतं आणि थंडी थेट अंगाला भिडते. मासेमारीची उभी जाळी तर त्यांच्या चरण्याच्या जागीच लागतात; अन्नासाठी मारलेल्या बुडीतच ती अडकून गुदमरतात.