ईशान्येचा टब

दोन वर्षांपूर्वी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गच्चीवर मी चार टब मांडले. चारही एकाच मापाचे, तळाशी दोन-दोन घमेली माती, वर नळाला येणारं नर्मदेचं पाणी. ऊनही सगळ्यांना सारखंच. जूनमध्ये भरले आणि दिवाळीपर्यंत ऊन-पावसाच्या भरवशावर सोडून दिले. दिवाळीत पाहिलं तर चार टबांत चार वेगळी जगं होती. एकाचं पाणी भिजवलेल्या मेंदीसारखं हिरवं. दुसऱ्याच्या कडेला गोगलगायींची रांग. तिसऱ्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या (त्याला त्याच संध्याकाळी जाळी बांधली). चौथ्यात मात्र वर टिकलीएवढ्या पानांची पाणवनस्पती पसरलेली, आणि पानं बाजूला सारली की तळ दिसावा इतकं निवळशंख पाणी.

शेजारच्या काकूंनी तो चौथा टब पाहिला आणि म्हणाल्या, "बघ, ईशान्येला आहे ना! ती पाण्याचीच दिशा. तिथलं पाणी चांगलंच राहणार."

पुढच्या जूनमध्ये टब घासून, उन्हात वाळवून पुन्हा तिथेच तसेच भरले. या खेपेला ईशान्येचा टब हिरवा झाला आणि नैऋत्येचा निवळ राहिला. वास्तुशास्त्राबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे, की ते उत्तर फार लवकर देतं आणि प्रश्न तिथेच मरतो. दिशेचा संबंध नाही, हे दोन वर्षांत कळलं. पण मग संबंध कशाचा?

त्या निवळ टबात तळाशी चतुराच्या दोन अळ्या होत्या. मातीच्या रंगाची ही अळी पानाखाली तासन्‌तास निश्चल बसते. डासाची अळी टप्प्यात आली की दुमडून ठेवलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकते, भक्ष्य ओठाच्या टोकावरच्या आकड्यांत अडकतं आणि ओठ मागे येतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे घडतं. ऑगस्टमधल्या एखाद्या दुपारी चतुराची मादी पोटाचं टोक पाण्यावर टेकवत अंडी घालत उडाली असेल, ती या टबावर उतरली, शेजारच्यावर नाही. पाणवनस्पतीचा एखादा तुकडा पक्ष्याच्या पायाला चिकटून आला असेल. शेवाळ वाढायच्या आधी तो पोहोचला तर पानांच्या सावलीत शेवाळाला ऊन मिळत नाही. शेवाळ आधी माजलं तर चित्र वेगळं दिसतं. कोण आलं याइतकंच आधी कोण आलं यालाही महत्त्व आहे, आणि तो क्रम कुणी ठरवून दिलेला नसतो.

जोनाथन चेस या अमेरिकी संशोधकाने कृत्रिम तळ्यांवर नेमकं हेच तपासलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, कायम पाणी राहिलेली तळी सारख्याच परिस्थितीतही एकमेकांहून बरीच वेगळी झाली. जी मुद्दाम आटवली, ती मात्र एकमेकांसारखी दिसू लागली. कोरड पडल्यावर टिकतील अशाच जाती उरतात. चाळणी बारीक झाली की योगायोगाला वाव उरत नाही. माळव्यात दर उन्हाळ्यात आटणारी डबकी आणि बारमाही तलाव शेजारी-शेजारी असतात. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत २०२२ साली आलेल्या, इथल्याच सिरपूर तलावाच्या काठाने फिरताना मला हा प्रयोग हटकून आठवतो.

आता या विषयातल्या माझ्या सगळ्यात लाडक्या गोष्टीकडे येतो. त्यासाठी स्वयंपाकघरात चला. एका ताटात राजम्याचे १० आणि काबुली चण्याचे १० दाणे घ्या. हे आपलं जंगल, प्रत्येक दाणा म्हणजे एक झाड. डोळे मिटून एक दाणा उचला आणि बाजूला ठेवा: ते झाड पडलं. आता उरलेल्या १९ दाण्यांपैकी एकाला डोळे मिटूनच बोट लावा. तो ज्या जातीचा निघेल, त्याच जातीचा एक नवा दाणा डब्यातून काढून ताटात टाका: त्या झाडाचं बी रिकाम्या जागी रुजलं. हा एक डाव. असं करत राहा.

राजमा चण्यापेक्षा सरस नाही, चणा राजम्यापेक्षा सरस नाही. तरी १०-१० फार काळ टिकत नाही. ११-९ होतं, पुन्हा १०-१०, मग १३-७, आणि सरासरी सुमारे २५० डावांत ताटात एकच जात उरते. कोणती, ते आधी सांगता येत नाही. पण शक्यता सांगता येते, कारण जिचा सुरुवातीला जितका वाटा, तितकीच तिची शेवटी उरण्याची शक्यता. १५-५ ने सुरुवात केली तर राजमा चारात तीनदा जिंकेल. शास्त्रज्ञ याला 'ड्रिफ्ट' म्हणतात, म्हणजे वाहवत जाणं. योगायोग म्हणजे बेशिस्त, असं आपण समजतो. इथे तर त्याचं चोख गणित आहे.

हे गणित संख्येप्रमाणे बदलतं. २० ऐवजी २०० दाणे घेतले तर निकालाला सुमारे २७,००० डाव लागतात. दाणे दसपट, वेळ शंभरपटीहून थोडा जास्त. आता राजम्याला १ टक्का झुकतं माप देऊ: त्याचं बी चण्यापेक्षा तेवढंच जास्त रुजतं. २० दाण्यांच्या ताटात त्याची जिंकण्याची शक्यता ५० टक्क्यांवरून जेमतेम साडेबावन्नपर्यंत जाते. पण २,००० दाण्यांत, १,०००-१,००० ने सुरुवात करून, तोच राजमा जवळपास खात्रीने जिंकतो. फायदा तोच, फक्त ताट मोठं. फायद्याचा आकडा 'एक भागिले एकूण संख्या' याहून बराच लहान असेल तर योगायोगाचं राज्य, बराच मोठा असेल तर निवडीचं, म्हणजे सरस जात टिकण्याचं.

आणि अधूनमधून बाहेरच्या पोत्यातून एखादा दाणा टाकत राहिलात, तर खेळ कधीच संपत नाही. हरलेली जात पुन्हा ताटात येते.

स्टीफन हबल या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञांनी २००१ साली पुस्तकरूपात मांडलेला 'तटस्थ सिद्धान्त' म्हणजे विस्ताराने हाच खेळ. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टर जंगलात दोन लाखांहून अधिक झाडांची ते आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून मोजदाद करत आले. तिथे सुमारे ३०० जाती आहेत, थोड्या विपुल, बऱ्याचशा दुर्मीळ. सगळ्या जाती समान मानूनही हा उतरता क्रम गणितातून निघतो, हे त्यांनी दाखवलं. केवढा वाद झाला! झाडं समान नसतातच, हे उघड आहे. विपुल जातीच्या रोपांना मोठ्या झाडाजवळ तिचेच किडे आणि बुरशी गाठतात. जंगलातले बदल नुसत्या ड्रिफ्टने होतील त्याहून वेगाने होतात. माझ्या मते हबल पूर्ण बरोबर नव्हते. पण त्यांच्यामुळे एक चांगली सवय लागली: कुठल्याही जातीच्या यशाचं कारण शोधण्याआधी, नुसत्या योगायोगाने काय झालं असतं ते मोजून पाहायचं.

ताट लहान झालं की काय होतं, हे पाहायला पनामाला जायची गरज नाही. महाराष्ट्रात ज्याला तणमोर म्हणतात तो आमच्याकडचा खरमोर पावसाळ्यात माळव्याच्या गवताळ माळांवर येतो, आणि नर गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावतो. त्याच्यासाठी १९८३ साली रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर अशी दोन अभयारण्यं झाली. आज ही जात अतिसंकटग्रस्त आहे. माळ नांगराखाली गेले हे मुख्य कारण आहेच. पण पक्षी मोजके उरले की दुसरं कारण आपोआप सुरू होतं. एखाद्या मोसमात एका माळावर सहाच पिलं जगली, तर सगळे नर किंवा सगळ्या माद्या निघण्याची शक्यता ३२ मध्ये १ असते. साठ पिलं असती तर ही शक्यता धरण्यातच आली नसती.

अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड बेटावरच्या 'हीथ हेन' या माळकोंबडीच्या बाबतीत हेच घडलं. आधी १९१६ ची आग, मग कडक हिवाळा, शिकारी पक्षी, रोगराई. १९२७ च्या सुमारास ११ नर आणि २ माद्या उरल्या. १९३२ साली शेवटचा नर दिसला, नंतर कुणीच नाही.

म्हणून सैलान्याचा माळ नुसता कुंपण घालून पुरत नाही. तिथल्या पक्ष्यांना सरदारपूरपर्यंत उतरत-उतरत जाता येईल अशी गवताची तुकडा-तुकडा जमीन मधे राखावी लागते. पोत्यातला तो एक दाणा ताटात येतो, तो याच वाटेने.