बेरीया महाविद्यालय

बेरीया महाविद्यालय : अमेरिकेच्या केंटकी राज्यातील कला व विज्ञान शाखांचे खाजगी निवासी महाविद्यालय. स्थापना १८५५. लेक्सिंग्टन शहराच्या दक्षिणेला सुमारे ६० किमी.वर, केंटकीची गवताळ सपाटी संपून ॲपलाचियन डोंगरांचा पायथा सुरू होतो तिथे, बेरीया याच नावाच्या लहान गावात ते आहे. विद्यार्थी साधारण दीड हजार. १८९२ पासून येथे एकाही विद्यार्थ्याकडून शिक्षणशुल्क घेतलेले नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो कोणताही विषय शिकत असो, आठवड्याला किमान १० तास महाविद्यालयात काम करावे लागते आणि त्या कामाची मजुरी मिळते. घरची चांगली ऐपत असलेल्यांना येथे प्रवेश मिळत नाही. बाकी नामांकित महाविद्यालये गरिबांसाठी काही जागा बाजूला ठेवतात; बेरीया उभेच त्यांच्यासाठी आहे.

गावाचे नाव बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून घेतलेले. त्याच पुस्तकातील एका वचनावरून महाविद्यालयाचे ब्रीद आले : देवाने पृथ्वीवरील सर्व लोक एकाच रक्ताचे घडवले. या ‘सर्व लोक’ शब्दांत कोण मोडतो, या प्रश्नाभोवतीच बेरीयाचा सगळा इतिहास फिरत राहिला.

जातीविरुद्धचे कलम

संस्थापक जॉन ग्रेग फी (१८१६–१९०१) हे केंटकीतल्याच एका गुलाम बाळगणाऱ्या घरातले. सिनसिनाटीच्या धर्मशास्त्र विद्यालयात शिकत असताना गुलामगिरी हे पाप आहे, अशी त्यांची खात्री पटली आणि वडिलांशी कायमचे बिनसले. वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून काढून टाकले. घरच्या गुलामांपैकी जूलेट माइल्स या स्त्रीला फी यांनी वडिलांकडून विकत घेऊन मुक्त केले होते. तिची मुले मात्र गुलामीतच राहिली. त्यांना ओहायोत पळवून नेण्यासाठी ती १८५८ मध्ये परत आली, पकडली गेली आणि केंटकीच्या तुरुंगातच वारली. फी यांच्या वाट्याला आलेल्या छळाची कथा नेहमी सांगितली जाते. या बाईचे नाव त्या कथेच्या शेजारीच यायला हवे.

गुलामगिरीविरोधी राजकारणी आणि जमीनदार कॅशियस मार्सेलस क्ले यांनी फी यांना वस्तीसाठी १० एकर जमीन दिली. (मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांचे जन्मनाव याच क्ले यांच्यावरून आलेले.) तेथे १८५५ मध्ये एका खोलीची शाळा सुरू झाली, रविवारी तीच खोली चर्च होई. क्ले यांना गुलामगिरी हळूहळू, कायद्याच्या मार्गाने संपवायची होती, फी यांना ताबडतोब. १८५६ च्या ४ जुलैच्या सभेत दोघांचे मतभेद उघड झाले आणि क्ले यांनी संरक्षणाचा हात काढून घेतला.

१८५९ मध्ये महाविद्यालयाची घटना लिहिली गेली. ही संस्था पंथभेद, गुलामांची मालकी, जात आणि इतर प्रत्येक अन्यायकारक प्रथेच्या विरोधात राहील, असे तिच्यात नमूद आहे. भारतीय समाजाचे वर्णन करणारा ‘जात’ (कास्ट) हा शब्द तेव्हाचे गुलामगिरीविरोधक अमेरिकेतील वर्णभेदाला लावत, फी यांनीही तो तसाच वापरला. गुलामगिरी कायद्याने गेली तरी माणसाला जन्मावरून खालचा ठरवण्याची सवय जाणार नाही, हे त्यांनी ओळखले होते, म्हणून दोन्ही शब्द वेगवेगळे घातले. पुढे १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. फी हे त्याच लोकांपैकी एक होते.

घटना लिहून होते न होते तोच, ऑक्टोबर १८५९ मध्ये, गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचललेल्या जॉन ब्राउन यांनी व्हर्जिनियातील हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. फी तेव्हा देणग्या गोळा करत पूर्वेकडे फिरत होते. ब्रुकलिनच्या भाषणात त्यांनी ब्राउन यांच्या निष्ठेची स्तुती केली, पण हिंसेची नाही. केंटकीच्या वर्तमानपत्रांनी त्यातले अर्धेच छापले. डिसेंबरात सशस्त्र घोडेस्वार बेरीयात आले आणि शिक्षकांच्या कुटुंबांना दहा दिवसांत राज्य सोडण्याचा हुकूम देऊन गेले. ऐन हिवाळ्यात सगळ्यांनी ओहायो गाठले.

यादवी युद्धाच्या अखेरच्या काळात फी कॅम्प नेल्सन या लष्करी तळावर गेले. गुलामीतून पळून सैन्यात भरती झालेल्या कृष्णवर्णीय शिपायांना ते तेथे लिहायला-वाचायला शिकवत. युद्ध संपल्यावर या शिपायांपैकी अनेकांना त्यांनी कुटुंबांसह बेरीयात येऊन राहण्याचे निमंत्रण दिले. १८६६ मध्ये शाळेत पहिली कृष्णवर्णीय मुले बसली तेव्हा काही गोरी मुले उठून निघून गेली. तरीही त्या वर्षीच्या पटावर १८७ नावे होती : ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरी. एका वर्षापूर्वीपर्यंत ज्या राज्यात माणसांची विक्री कायदेशीर होती, तेथला हा पट आहे.

डे कायदा

१८९२ मध्ये विल्यम गुडेल फ्रॉस्ट अध्यक्ष झाले. शुल्क बंद झाले ते त्यांच्याच काळात, आणि डोंगरातील गरीब गोऱ्या कुटुंबांकडे महाविद्यालयाचे लक्ष वळले तेही त्यांच्यामुळे. ॲपलाचियन खोऱ्यांत तेव्हा रस्ते नव्हते, शाळा नावापुरत्या होत्या. गरज खरीच होती, आणि उत्तरेकडचे देणगीदार या ‘विसरलेल्या’ गोऱ्यांसाठी हात सैल सोडत. पण या ओघात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण घटत गेले. कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांनी तक्रार केली तेव्हा तिची दखल घ्यायला हवी तशी घेतली गेली नाही. पुढचा घाव कायद्याने घातला हे खरे. पण संस्थेचा तोल त्याआधीच ढळला होता, हे मान्य केल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

जानेवारी १९०४ मध्ये ब्रेथिट परगण्याचे प्रतिनिधी कार्ल डे यांनी केंटकीच्या विधिमंडळात विधेयक आणले : गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणे हा गुन्हा, संस्थेला १,००० डॉलर दंड. शिकवणाऱ्यालाही दंड, शिकणाऱ्यालाही. राज्यात दोन्ही वर्णांची मुले एकत्र शिकत असलेले महाविद्यालय एकच होते, त्यामुळे नेम कोणावर आहे हे सांगण्याची गरज नव्हती. कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर जी. वुडसन यांनी १९०३ मध्ये बेरीयातून पदवी घेतली होती. पुढे याच वुडसन यांनी १९२६ मध्ये ‘निग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला, आजचा कृष्णवर्णीय इतिहास महिना त्यातूनच आला. एक-दोन वर्षे उशीर झाला असता तर त्यांना येथून पदवी घेता आली नसती.

महाविद्यालयाने दंड अंगावर घेऊन खटला लढवला. केंटकीच्या न्यायालयात हरल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ नोव्हेंबर १९०८ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी निकाल विरोधात लागला. महाविद्यालय ही राज्याने सनद दिलेली संस्था आहे आणि राज्याला ती सनद बदलता येते, एवढ्या तांत्रिक मुद्द्यावर बहुमताने प्रश्न उरकला. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी मात्र प्रदीर्घ विरोधी मत लिहिले. ते स्वतः केंटकीचे आणि गुलाम बाळगणाऱ्या घरातलेच. खाजगी शाळेत एकत्र बसणे गुन्हा ठरवता येत असेल तर उद्या रविवारच्या धर्मवर्गात, देवाच्या प्रार्थनेतही एकत्र बसणे गुन्हा ठरवता येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्यांच्यासाठीच्या फिस्क विद्यापीठासारख्या इतर संस्थांत पाठवताना बेरीयाने त्यांचा खर्च उचलला आणि निधी गोळा करून १९१२ मध्ये लुईव्हिलजवळ त्यांच्यासाठी लिंकन इन्स्टिट्यूट उभी केली. पण ते एकत्र शिक्षण नव्हते. १९५० मध्ये कायद्यात दुरुस्ती होताच बेरीयाने पुन्हा दार उघडले, आणि १९५४ मध्ये जेसी रीझर झँडर या त्यानंतरच्या पहिल्या कृष्णवर्णीय पदवीधर झाल्या. मधल्या ४६ वर्षांत दोन पिढ्या बाहेर राहिल्या.

शुल्क नाही, काम आहे

बेरीयातील काम म्हणजे शिक्षा नव्हे आणि उपकाराची फेडही नव्हे. कोणी वाचनालयात बसतो, कोणी प्रयोगशाळा सांभाळतो, कोणी शेतावर जातो, कोणी १९०९ पासून चालू असलेल्या बून टॅव्हर्न या महाविद्यालयाच्या हॉटेलात पाहुण्यांची व्यवस्था बघतो. झाडू बांधण्याचा विभाग १९२० पासून चालू आहे. हातमागावरचे विणकाम आणि सुतारकामही तितकेच जुने नाव कमावून आहे. सगळेच काम करत असल्यामुळे भांडी घासणारा आणि न घासणारा असे दोन वर्ग वसतिगृहात पडत नाहीत. माझ्या मते या व्यवस्थेचे खरे मोल पैशांत नाही, यात आहे. भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’शी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही, रयत शिक्षण संस्थेचे ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य बेरीयाच्या कमानीवरही शोभले असते. फरक पैशाच्या बाजूने आहे. विद्यार्थ्यांच्या श्रमावर बेरीयाचा गाडा चालत नाही, तो चालतो कायमनिधीवर.

१९२० मध्ये विश्वस्तांनी एक ठराव केला : मृत्युपत्रातून येणारी, विशिष्ट कामासाठी नसलेली प्रत्येक देणगी खर्च न करता कायमनिधीत टाकायची. शंभर वर्षे हा नेम पाळल्यामुळे निधी एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आणि त्याच्या उत्पन्नातून शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भाग भागतो. या श्रीमंतीचा एकदा फटकाही बसणार होता. २०१७ च्या करकायद्याने, दर विद्यार्थ्यामागे पाच लाख डॉलरहून अधिक निधी असलेल्या महाविद्यालयांच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर १.४ टक्के कर बसवला. गरिबांना विनाशुल्क शिकवणारे बेरीया त्यात अतिश्रीमंत विद्यापीठांच्या रांगेत जाऊन बसले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘शुल्क भरणारे किमान ५०० विद्यार्थी’ अशी शब्दरचना करून ही चूक सुधारण्यात आली.

डोंगरातली कामे

प्रवेश मिळाला तरी घरापासून बेरीयापर्यंत पोचणार कसे, हा डोंगरातल्या मुलांचा प्रश्न होता. म्हणून शिक्षक खेचरांवर सामान लादून खोऱ्याखोऱ्यांत जात, तंबू ठोकत, व्याख्याने देत. पुस्तकांच्या गाड्या शाळांपर्यंत फिरत. १९६३-६४ च्या हिवाळ्यात बेरीयात, ‘कौन्सिल ऑफ द सदर्न माउंटन्स’ या गावातल्या संस्थेच्या छत्राखाली, ‘ॲपलाचियन व्हॉलंटिअर्स’ ही चळवळ सुरू झाली. विद्यार्थी हार्लन परगण्यात जाऊन एकखोली शाळांची गळकी छपरे आणि भिंती दुरुस्त करू लागले. रंगरंगोटीने दारिद्र्य हटत नाही, हे त्यातल्या अनेकांना लवकरच उमगले. पुढे ते डोंगर खरवडणाऱ्या कोळसा कंपन्यांविरुद्ध गावकऱ्यांबरोबर उभे राहिले, आणि तोपर्यंत चळवळ कौन्सिलपासून फुटली होती. १९६५ च्या मार्चमध्ये बेरीयाचे पन्नासहून अधिक विद्यार्थी आणि प्राध्यापक मॉन्टगोमेरीच्या मतदानहक्क मोर्चातही सामील झाले.

सन २००० मध्ये ही विखुरलेली सेवाकार्ये एका केंद्राखाली आली : शिकवण्या, घरबांधणी, वृद्धांच्या भेटी. येथे सेवाप्रकल्प चालवणारे विद्यार्थीच असतात, आणि ते काम त्यांच्या दहा तासांत मोजले जाते. त्यामुळे समाजसेवा ही फावल्या वेळेची चैन राहत नाही, पोटासाठी कमवावे लागणाऱ्या मुलालाही ती करता येते. २०११ मध्ये केंद्र सरकारच्या ‘प्रॉमिस नेबरहूड’ योजनेचे अनुदान बेरीयाला मिळाले. क्ले, जॅक्सन आणि ओस्ली हे तीन परगणे त्यात होते. देशातल्या अतिगरीब ग्रामीण परगण्यांत त्यांची गणना होते. बालवाडीच्या आधीपासून महाविद्यालयाच्या उंबरठ्यापर्यंत मुलाच्या पाठीशी सलग कोणीतरी उभे राहील अशी ती योजना होती. हे काम पुढे ‘पार्टनर्स फॉर रूरल इम्पॅक्ट’ या नावाने वेगळे उभे राहिले.