डिस्ने कंपनी आणि जनमत

डिस्ने कंपनी आणि जनमत : वॉल्ट डिस्ने कंपनी ही ॲनिमेशनपटांच्या क्षेत्रातील जगातील सर्वांत प्रभावी अमेरिकी संस्था असून, एक बडा उद्योग म्हणून तिच्याकडे पाहण्याची लोकांची दृष्टी कशी घडत गेली, याचा विचार या नोंदीत केला आहे. वॉल्ट आणि रॉय या डिस्ने बंधूंनी १९२३ मध्ये लॉस अँजेलिस येथे काढलेल्या लहानशा स्टुडिओतून ही कंपनी वाढली. तेल किंवा पोलाद विकणाऱ्या कंपनीवरील लोकांच्या रागात आपुलकीचा अंश सहसा नसतो. डिस्नेच्या बाबतीत मात्र तिच्या चित्रपटांवर वाढलेले लोकच पुष्कळदा तिचे कठोर टीकाकार ठरले आहेत. मिकी माऊस, डोनाल्ड डक ही पात्रे आपली आहेत असे प्रेक्षकांना मनापासून वाटते, तर कायद्याने, मिकीची सर्वांत जुनी रूपे वगळता, ती कंपनीची मालमत्ता आहेत. कंपनीभोवतीचे अनेक मोठे वाद या दोन दाव्यांच्या संघर्षातून उद्भवले.

कंपनीच्या कौटुंबिक प्रतिमेला पहिला तडा बाहेरच्या टीकेने गेला नाही, तो स्टुडिओतल्या चित्रकारांच्या संपाने गेला. १९३७ मध्ये पूर्ण झालेल्या ‘स्नो व्हाइट’च्या यशानंतर बरबँक येथे नवा, प्रशस्त स्टुडिओ उभा राहिला, पण युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद पडली, पगारांतील तफावत आणि श्रेयनामावलीत नाव न येणे यांवरून असंतोष वाढला, आणि आर्ट बॅबिट या नामवंत ॲनिमेटरला संघटनेच्या कामामुळे काढून टाकल्यावर २९ मे १९४१ रोजी संप सुरू झाला. संपकऱ्यांनी डिस्नेच्याच पात्रांची चित्रे असलेले फलक हाती घेतले होते. अखेर कंपनीला संघटनेला मान्यता द्यावी लागली. वॉल्ट डिस्ने यांनी हा घाव कधीच विसरला नाही. १९४७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना त्यांनी संपामागे साम्यवाद्यांचा हात असल्याचा आरोप केला. तरीही सामान्य अमेरिकी प्रेक्षकांच्या मनातील त्यांचे ‘काका वॉल्ट’ हे रूप टिकले, आणि १९५५ मध्ये ॲनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू होण्याच्या सुमारास दूरचित्रवाणीने ते घराघरांत पोहोचवले.

फ्लॉरिडातील ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ या मनोरंजन उद्यानाने कंपनीच्या सत्तेचे वेगळे स्वरूप पुढे आणले. १९६०च्या दशकाच्या मध्यात ऑरलँडोजवळची सुमारे २७ हजार एकर जमीन निरनिराळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत, खरा खरेदीदार गुप्त ठेवून घेण्यात आली. १९६७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्या भूभागासाठी स्वतंत्र विशेष जिल्हा निर्माण केला आणि रस्ते, अग्निशमन, बांधकाम-परवाने यांसारखे नगरपालिकेचे अधिकार व्यवहारतः कंपनीच्या हाती आले. खासगी कंपनीला इतकी स्वायत्तता मिळणे ही लोकशाहीच्या दृष्टीने गंभीर बाब होती. मात्र पर्यटनातून येणाऱ्या पैशामुळे तिच्यावरील टीका दीर्घकाळ क्षीण राहिली.

अमेरिकेबाहेरची टीका मुख्यतः सांस्कृतिक वर्चस्वाच्या भाषेत झाली. चिलीमध्ये १९७१ साली आरिएल दोर्फमन आणि आर्मां मातलार यांनी डोनाल्ड डकच्या चित्रकथांमधून बड्या भांडवलाची विचारसरणी मुलांपर्यंत कशी पोहोचते, याची चिकित्सा केली. १९७३ च्या लष्करी उठावानंतर त्यांचे पुस्तक जाळण्यात आले. पॅरिसजवळ १९९२ मध्ये सुरू झालेल्या उद्यानाला नाट्यदिग्दर्शिका आरियान म्नुश्किन यांनी ‘सांस्कृतिक चेर्नोबिल’ म्हटले. कर्मचाऱ्यांच्या दाढी-केशभूषेवर घातलेल्या निर्बंधांना तेथील कामगार संघटनांनी विरोध केला. पुढे हेच उद्यान युरोपातील सर्वाधिक गर्दीचे पर्यटनस्थळ बनले, यावरून बुद्धिजीवींचा रोष आणि कुटुंबांची पसंती या दोन गोष्टी एकाच देशात शेजारी नांदू शकतात हे दिसते.

लोकभावना सर्वांत तीव्र झाली ती मालकीहक्काच्या प्रश्नावर. १९८९ मध्ये फ्लॉरिडातील हॅलंडेल येथील तीन पाळणाघरांच्या भिंतींवर रंगवलेली मिकी आणि इतर पात्रांची चित्रे काढून टाकण्यास कंपनीने भाग पाडले. कायद्याच्या दृष्टीने तिची बाजू भक्कम होती, परंतु लहान मुलांच्या भिंतीवरून मिकी पुसणारी कंपनी हे चित्र लोकांच्या मनात कायमचे बसले. प्रतिस्पर्धी युनिव्हर्सल स्टुडिओने हॅना-बार्बेरा या दुसऱ्या ॲनिमेशन संस्थेची पात्रे तेथे रंगवण्याची तयारी दाखवून ती संधी नेमकी साधली. १९९८ च्या कायद्याने कंपन्यांच्या मालकीच्या कलाकृतींवरील स्वामित्वहक्काची मुदत ७५ वरून ९५ वर्षांवर गेली. त्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांत डिस्ने आघाडीवर असल्याने टीकाकारांनी त्याला ‘मिकी माऊस संरक्षण कायदा’ हे नाव दिले. ग्रिम बंधूंच्या लोककथा, कोलोदीचा पिनोकिओ अशा सर्वांना खुल्या असलेल्या साहित्यावर ज्या कंपनीचे वैभव उभे राहिले, तिनेच स्वतःच्या निर्मितीभोवती अशी भिंत घालावी, हा आक्षेप आजही निरुत्तर आहे. मिकीचे १९२८ मधील मूळ रूप अमेरिकेत अखेर १ जानेवारी २०२४ रोजी सर्वांसाठी खुले झाले. मेक्सिकोतील मृतांच्या सणाचे नाव व्यवसायचिन्ह म्हणून नोंदवण्याचा कंपनीचा प्रयत्नही २०१३ मध्ये लोकांच्या संतापामुळे मागे घ्यावा लागला.

व्हर्जिनियातील प्रसंगही असाच बोलका आहे. १९९३ मध्ये कंपनीने मॅनासस या यादवी युद्धाच्या रणभूमीपासून जवळच अमेरिकी इतिहासावर आधारित उद्यान जाहीर केले. राज्य सरकारचा आणि रोजगाराची आशा धरणाऱ्या अनेक स्थानिकांचा त्याला पाठिंबा होता. पण जेम्स मॅकफर्सन, डेव्हिड मॅकल यांसारख्या इतिहासकारांनी राष्ट्राच्या स्मृतीचे बाजारीकरण म्हणून त्याला कडाडून विरोध केला आणि सप्टेंबर १९९४ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली.

कंपनीवर डावीकडून टीका होते तशी उजवीकडूनही होते. समलिंगी जोडीदारांना कर्मचारी-लाभ देण्यासारख्या धोरणांमुळे सदर्न बॅप्टिस्ट संघ या अमेरिकी प्रोटेस्टंट चर्चसंघटनेने १९९७ मध्ये जाहीर केलेला बहिष्कार २००५ पर्यंत चालला. २०२२ मध्ये शाळांतील लैंगिक कल व लिंगओळख यांविषयीच्या शिकवणीवर निर्बंध घालणाऱ्या फ्लॉरिडाच्या एका कायद्यावर कंपनी आधी गप्प राहिली म्हणून तिचे कर्मचारी रस्त्यावर उतरले आणि नंतर ती बोलली म्हणून गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी तिच्या विशेष जिल्ह्यावरच घाव घातला. ज्या स्वायत्ततेवर पूर्वी उद्योगविरोधक बोट ठेवत, ती काढून घेण्याचे काम उजव्या रिपब्लिकन पक्षाच्या सरकारने केले.

एकविसाव्या शतकात पिक्सार (२००६), मार्व्हल (२००९), ल्यूकासफिल्म (२०१२) या चित्रपट-मनोरंजन कंपन्यांची खरेदी आणि सुमारे ७१ अब्ज डॉलर मोजून घेतलेला ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी फॉक्सचा बहुतांश व्यवसाय (२०१९) यांमुळे टीकेचा रोख मक्तेदारीकडे वळला. उद्यानांची चढती तिकिटे, जुन्याच चित्रपटांच्या नव्या आवृत्त्या आणि २०२३ मधील सुमारे ७ हजार जणांची नोकरकपात यांवरून चाहत्यांनीही नाराजी व्यक्त केली.

भारतात या कंपनीविषयीची भावना वेगळ्या वाटेने आली. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदीत लागणाऱ्या तिच्या कार्टून मालिकांनी महाराष्ट्रातील मुलांनाही तिची ओळख करून दिली. पुढे मुंबईची यूटीव्ही २०१२ मध्ये आणि फॉक्सबरोबर स्टार इंडिया २०१९ मध्ये तिच्याकडे आली, तेव्हा स्टारच्या हॉटस्टार ॲपमुळे ‘डिस्ने’ हे नाव मोबाइलवरील क्रिकेटशी जोडले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि रिलायन्सच्या बाजूची व्हायकॉम१८ यांचा संयुक्त उद्योग झाला, आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी या दोन स्पर्धक वाहिन्या एकाच छत्राखाली आल्या. मराठी मालिकांचे लेखक, निर्माते आणि जाहिरातदार यांच्यासमोरचे पर्याय त्यामुळे कमी झाले. मात्र येथील चर्चेत नाव मुख्यतः रिलायन्सचेच घेतले गेले.